लाकूडराजांच्या गावात

माझा धाकटा भाऊ ट्रॅक्टरच्या कंपनीत इंजिनियर आहे. आधी पुण्याला होता, मग कंपनीनं त्याला मुख्य कचेरीत बोलावून घेतलं. ही कचेरी अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या मोलीन गावात, मिसिसिपी नदीच्या काठी. जॉन डिअरचे हिरवे-पिवळे ट्रॅक्टर आपल्याकडं उसाच्या फडात दिसतात ना, त्यांचं हे माहेर. पुण्याकडच्या कारखान्यातून तिकडं गेलेली बरीच मराठी कुटुंबं या परिसरात आहेत, त्यामुळं मोदकाच्या उकडीपासून भिशीपर्यंत सगळं व्यवस्थित चालू असतं.

२०१९ च्या उन्हाळी सुट्टीत मी महिनाभर तिथं राहून आले. परत आल्यावर स्टाफरूममध्ये प्रत्येकानं विचारलं, नायगारा पाहिला का? पाहिला. पण मनात राहिलं ते क्लिंटन नावाचं एक लहान गाव, आणि तिथं पाहिलेली बेसबॉलची एक मॅच. त्या खेळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं.

झालं असं, की माझा भाचा तेव्हा सहा वर्षांचा होता आणि त्याला बेसबॉलचं वेड लागलं होतं. ‘आत्या, तू आमच्याबरोबर मॅचला आलंच पाहिजेस,’ असा हुकूम सुटला. मोलीनसमोर, नदीपलीकडच्या डेव्हनपोर्टमध्येही एक संघ आहे. पण त्या आठवड्यात तो संघ बाहेरगावी खेळायला गेलेला. म्हणून आम्ही आयोवा राज्यातल्या क्लिंटनला निघालो. नदीच्या काठाकाठानं रस्ता, दोन्ही बाजूंना मक्याची शेतं, आणि तासाभराच्या आत गाव.

गावात शिरताना आधी येतो तो वास. मका भिजवून आंबवल्यासारखा. इथं मक्यावर प्रक्रिया करणारा मोठा कारखाना आहे. थंड पेयांत घालतात ती मक्यापासून केलेली गोड साखर जगात पहिल्यांदा व्यापारी प्रमाणावर बनली ती याच गावात, १९६७ च्या सुमारास, जपानी संशोधनाच्या आधारानं. मी अर्थशास्त्र शिकवते, त्यामुळं अशी माहिती मिळाली की मला मॅचपेक्षा तीच बरी वाटते!

पण क्लिंटनचं खरं वैभव त्याहून जुनं. एकोणिसाव्या शतकात विस्कॉन्सिन आणि मिनेसोटाच्या जंगलांत तोडलेले ओंडके तराफे करून नदीतून खाली सोडत. ते क्लिंटनला अडवायचे, कापायचे, आणि फळ्या करून रेल्वेनं पश्चिमेला पाठवायच्या. गवताळ प्रदेशात नवी गावं वसत होती, त्यांना घरांसाठी लाकूड हवं होतं. चॅन्सी लँब, डब्ल्यू. जे. यंग, डेव्हिड जॉइस अशी गिरणीमालकांची नावं तिथं अजून घेतली जातात. मग वरची जंगलं संपली आणि १९०० च्या आसपास गिरण्याही थंडावल्या. आता एक आरागिरणीचं संग्रहालय आहे. आणि बेसबॉलच्या संघाचं नाव आहे लंबरकिंग्ज, म्हणजे लाकूडराजे!

खेळ कसा असतो ते थोडक्यात सांगते. विटी-दांडू आणि क्रिकेट यांचं लग्न लावलं तर जे अपत्य होईल ते बेसबॉल. मला जास्त रस वाटला तो त्यामागच्या व्यवस्थेत. तिकडं सर्वात वरच्या पातळीवर, म्हणजे मेजर लीगमध्ये, ३० संघ आहेत. शिकागो, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस अशा मोठ्या शहरांचे. त्या प्रत्येकाच्या हाताखाली लहान शहरांतले संघ असतात. त्यांना मायनर लीग म्हणतात. खेळाडू आणि प्रशिक्षक पाठवायचे वरच्या संघानं, त्यांचा पगारही त्यानंच द्यायचा. मैदान सांभाळायचं, तिकिटं विकायची, हॉट डॉग भाजायचे ते गावच्या संघानं. पोरगं इथं तयार झालं की एक पायरी वर जातं. बहुतेक पोरं मधल्याच कुठल्यातरी पायरीवर थांबतात, ती गोष्ट वेगळी.

हे गावचे संघ बहुधा कुणा धनिकाच्या मालकीचे असतात. क्लिंटनचा मात्र गावाचा. आपल्याकडं गल्लीतला गणपती किंवा गावचं वाचनालय जसं वर्गणीवर आणि चार उत्साही लोकांच्या जिवावर चालतं तसा. मैदान नगरपालिकेचं. १९३० च्या दशकातल्या महामंदीत बेकारांना काम द्यावं म्हणून सरकारनं ज्या योजना काढल्या, त्यांतून ते बांधलं गेलं आणि १९३७ साली उघडलं. (आपल्याकडं दुष्काळात रोजगार हमीवर तलाव आणि रस्ते झाले, तसंच.) मूळ नाव रिव्हरव्ह्यू स्टेडियम. पुढं प्रायोजकांची नावं लागत गेली. मैदानापलीकडं पुराचा बांध, बांधापलीकडं मिसिसिपी.

त्या संध्याकाळी समोरचा संघ कोणता होता ते मला आता आठवत नाही. आठवतात ते आमच्या शेजारी बसलेले एक आजोबा. मांडीवर वही, हातात पेन्सिल. प्रत्येक चेंडूची नोंद करत होते. मी परकी आहे हे पाहून त्यांनी मला दोन तास शिकवलं. माझ्या वर्गातल्या पोरांना माझ्याकडून इतका धीर कधी मिळाला असेल असं वाटत नाही. १९७९ मध्ये ऑरेल हर्शायझर नावाचा पोरगा इथं चेंडू टाकायचा, हे त्यांनीच सांगितलं. तोच पुढं १९८८ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरला. हे सांगताना आजोबांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला ओळखीचं वाटलं. आपल्या तालमीत लंगोट बांधलेला पोर मोठ्या मैदानात जिंकून आला, की गावातल्या म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर तेच असतं. त्याला आपण घडवलं असं कुणी म्हणत नाही, पण इथल्या मातीत लोळलाय एवढं म्हणायचा हक्क असतो.

मॅच संपल्यावर भाचा कुंपणाशी धावला. एका खेळाडूनं त्याच्या चेंडूवर घाईघाईनं सही केली. एक वाकडी रेघ आणि एक गोल. ‘हा उद्या टीव्हीवर दिसेल,’ असं भाचा झोपेपर्यंत म्हणत होता.

आजोबांचा संघ त्या सप्टेंबरात लीगच्या अंतिम फेरीपर्यंत गेला आणि साउथ बेंडकडून हरला. क्लिंटन त्या लीगमध्ये १९५४ पासून होतं. तिचं मिडवेस्ट लीग हे नावसुद्धा नंतरचं, १९५६ चं. साठाहून अधिक हंगाम झाले होते. ती हार हीच शेवटची मॅच ठरणार, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

नोव्हेंबरात एक यादी बाहेर आली. मेजर लीगनं ठरवलं होतं, की हाताखालचे संघ १६० च्या आसपास आहेत ते १२० वर आणायचे. जाणाऱ्यांच्या त्या यादीत क्लिंटन होतं, आयोवातलंच बर्लिंग्टन होतं, आणि डेव्हनपोर्टचा संघही होता. कारणं दिली ती अशी : मैदानं जुनी, बसचे प्रवास लांबचे, खेळाडूंना पगार तुटपुंजा. ओरड झाली, खासदार बोलले. पण २०२० मध्ये कोरोना आला, तो हंगामच रद्द झाला, आणि जुना करारही त्याच वर्षी संपला. ९ डिसेंबर २०२० ला १२० संघांची नावं जाहीर झाली. डेव्हनपोर्ट वाचलं होतं. पुढच्या वर्षी तर त्यांनी आपल्या गटाचं विजेतेपदही मिळवलं. क्लिंटन आणि बर्लिंग्टन गेले. क्लिंटनला खेळाडू पाठवणारा मायामीचा वरचा संघ विस्कॉन्सिनमधल्या बेलॉयटला गेला. तिथं नवं कोरं मैदान बांधून होत आलं होतं.

अर्थशास्त्राची शिक्षिका म्हणून मला हा हिशेब अगदीच खोटा म्हणता येत नाही. या पातळीवरच्या खेळाडूला आठवड्याला किमान २९० डॉलर मिळायचे, तेही हंगामापुरते. २०२१ पासून ते ५०० झाले. पोरांच्या पोटात चार घास जास्त गेले, हे चांगलंच झालं. पण मेजर लीगच्या तिजोरीतून हा खर्च संघ न तोडताही झाला असता, असं माझं मत आहे. खेळाडूंच्या पगाराचं ओझं तर गावावर कधी नव्हतंच. आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये याच मेजर लीगनं याच आयोवात, डायर्सव्हिल गावाजवळ, मक्याच्या शेतात आठ हजार खुर्च्यांचं तात्पुरतं मैदान उभारून शिकागो आणि न्यूयॉर्कची मॅच भरवली. तिथं एका गाजलेल्या बेसबॉलपटाचं चित्रीकरण झालं होतं म्हणून. खेडेगावातल्या बेसबॉलचं केवढं कौतुक! भावानं त्या मॅचचा व्हिडिओ पाठवला. मका सुंदर दिसत होता. मी त्याला उत्तर पाठवलं नाही.

क्लिंटननं मात्र दुकान बंद केलं नाही. मैदान तेच, नाव तेच ठेवून संघ २०२१ पासून प्रॉस्पेक्ट लीग नावाच्या उन्हाळी स्पर्धेत खेळू लागला. ही कॉलेजच्या मुलांची लीग. पगार नाही, मुलं गावातल्या घरांत पाहुणी म्हणून राहतात. पूर्वी हंगामात १४० मॅचेस असत, आता साठच्या आसपास, मेअखेर ते ऑगस्टचा आरंभ. कॉलेजात ही मुलं अॅल्युमिनियमच्या बॅटनं खेळतात, इथं लाकडाच्या. वरच्या पातळीवर लाकूडच लागतं म्हणून सवय करायची.

२०२३ च्या जुलैत मी पुन्हा गेले. भाचा आता दहा वर्षांचा, आत्याला खेळ समजावून सांगण्याइतका मोठा. गावात शिरताना तोच वास आला. मैदानात माणसं होती, पोरं गवतावर लोळत होती, हॉट डॉगचा धूर होता. मला वाटलं होतं उदास वाटेल. तसं काही वाटलं नाही, आणि त्याचंच जरा वाईट वाटलं.

आजोबा होते. जागा तीच, वही नवी. मी ओळख दिली, त्यांना अर्थातच आठवलं नाही, पण सरकून जागा दिली. खेळ कसा वाटतो विचारलं. बरी पोरं आहेत, म्हणाले, मनापासून खेळतात. मग पेन्सिलीनं एक खूण करून पुढं म्हणाले, की पूर्वी हिवाळ्यात रेडिओ आणि टीव्हीवर आपल्या पोरांची नावं ऐकायला बसायचे, कोण कुठं चढला ते. आता ही मुलं ऑगस्टात आपापल्या कॉलेजात जातात. तिथून कुणी पुढं गेलाच तर ते नाव त्या कॉलेजाचं. वहीत पाहून पुन्हा खेळाकडं वळले. त्यानंतर या विषयावर ते बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

मॅच संपल्यावर भाचा कुंपणाशी गेला, पण आधीसारखा धावत नाही. एक उंच, पुरळ आलेला मुलगा तिथं ग्लोव्ह काढत होता. त्याच्यापुढं चेंडू धरल्यावर तो क्षणभर गोंधळला. मग त्यानं चेंडू गुडघ्यावर ठेवून सावकाश, शाळेतल्यासारख्या सुट्या अक्षरांत आपलं पूर्ण नाव लिहिलं, आणि खाली आपल्या कॉलेजचं. भाच्याला विचारलं, तू कितवीत आहेस?

परतीच्या वाटेवर नदी अंधारात दिसत नव्हती. भाचा मागच्या सीटवर चेंडू फिरवून वाचत होता. जुना सहीचा चेंडू त्याच्या टेबलावर काचेच्या डबीत आहे. त्या वाकड्या रेघेचा खेळाडू कोण, हे त्याला अजूनही कळलेलं नाही. आता हा चेंडू त्याच्या शेजारी ठेवणार का, असं मी विचारलं. घरी गेल्यावर बघतो, म्हणाला.