टाकी भरली की नेट जातं

त्या महिन्यात तिसऱ्यांदा मी चालू मीटिंगमधून गायब झाले. परत आत येईपर्यंत विषय पुढे सरकला होता. आमचे मॅनेजर ओरडत नाहीत. ते एवढंच म्हणाले, "सोलापुरात नेटचा प्रॉब्लेम असणारच गं. महिनाअखेरपर्यंत बघ, नाहीतर पुण्यात ये परत."

ते काळजीनेच म्हणाले होते, तरी लागलं. माझ्या वर्गातली बहुतेक पोरं पुण्यात आहेत. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून इंटरव्ह्यूला गेलेली पोरं नंतर फक्त दिवाळीला आणि गड्ड्याच्या यात्रेला येतात. मीही त्यातलीच. बाबा गेल्यावर आईला पुण्याला नेण्याचा प्रयत्न केला, पण ती तीन आठवड्यांत परत आली. मग मीच जुळे सोलापुरातल्या घरी येऊन मागच्या खोलीत टेबल मांडलं. इथे राहून नोकरी करता येते हे ऑफिसला आणि स्वतःलाही पटवून अजून वर्ष झालं नव्हतं. आता वायफाय तुटतंय म्हणून ते सगळं मोडणार होतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. म्हणजे वायफाय दुरुस्त करता येतं असा आजूबाजूच्या काकूंचा समज आहे, प्रत्यक्षात मला त्यातलं फारसं कळत नव्हतं. राउटर बंद करून तीस सेकंदांनी चालू करायचा, इथवरच माझी विद्या. ती करून झाली. मग नेटवाल्याचा पोरगा आला, त्याने फायबरच्या टोकाला मीटर लावून बघितला. "ताई, लाईन ओके आहे की. तुमच्या लॅपटॉपचंच काय तर असंल." फोनवर नेट व्यवस्थित चालत होतं, त्यामुळे मलाही ते पटलं. दुकानदाराने वायफाय कार्ड बदलायला सांगितलं. ते बदलायच्या आधी एकदा नीट शोधावं म्हणून मी एक वही केली. नेट गेलं की तारीख, वेळ आणि त्या वेळी काय चालू होतं ते लिहायचं.

सगळ्यात आधी ठरवायचं होतं की तार कुठे तुटते. लॅपटॉप ते राउटर हा एक टप्पा, राउटर ते बाहेरचं जग हा दुसरा. आपण दोन्हीला मिळून "नेट गेलं" म्हणतो, पण दोन्हींचे डॉक्टर वेगळे. त्यासाठी पिंग नावाची एक छोटी आज्ञा आहे. माइक मूस नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने ती डिसेंबर १९८३ मध्ये लिहिली. समोरच्या यंत्राला हाक मारायची आणि 'ओ' यायला किती मिलिसेकंद लागले ते मोजायचं. नाव त्याने सोनारच्या आवाजावरून दिलं, पाणबुडीत आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकतात त्यावरून. पाणबुडीत आवाज वापरावा लागतो, कारण रेडिओलहरी पाण्यात फार लांब जात नाहीत. हे मी त्या दिवशी वाचलं आणि पुढे गेले. उत्तर तिथेच होतं, पण तेव्हा ते कळलं नाही.

दोन खिडक्या उघडल्या. एकीत घरच्या राउटरला हाका, दुसरीत बाहेरच्या एका सर्व्हरला. संध्याकाळी नेट गेलं तेव्हा राउटरच्या खिडकीतलेच आकडे आधी तीन, चार, मग तीनशे, मग नऊशे झाले आणि थांबले. म्हणजे नेटवाल्याचा पोरगा खरं बोलत होता. गडबड आमच्या चार भिंतींतच होती.

पहिला चोर लवकर सापडला. लॅपटॉप चार्जरवर नसला की विंडोज वीज वाचवण्यासाठी वायफायच्या कार्डाला मधूनमधून झोपवतं, आणि काही कार्डं त्या झोपेतून वेळेवर उठत नाहीत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर एक खूण असते, ती काढली. कार्डाचा ड्रायव्हरही नवा घातला. पुढचे चार दिवस नेट एकदाही गेलं नाही. मी मॅनेजरना मेल टाकला, प्रॉब्लेम सुटला. पाचव्या दिवशी सकाळच्या पहिल्याच मीटिंगमध्ये परत बाहेर.

एकच दोष असेल तर तो सापडतो तरी. दोन असले की पहिला दुरुस्त केल्यावर थोडं बरं वाटतं आणि दुसरा त्या बरं वाटण्यामागे लपून बसतो. मला वाटलं, माझी दुरुस्तीच चुकली. ती खूण परत लावली, परत काढली.

मग शेजाऱ्यांवर संशय. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ साली परवानामुक्त झाला, म्हणून आपण कुणाला न विचारता घरात राउटर लावू शकतो. पण शेजारीही लावू शकतात. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल धरायचे तर तीनच, १, ६ आणि ११. आमच्या ओळीतले बहुतेक राउटर ६ वर गर्दी करून होते. मी आमचा ११ वर नेला. फरक पडला तो एवढा की, नेट चालू असताना जरा वेगाने चालायचं. जायचं तेव्हा जायचंच.

मग थेट ढगांवर. पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातले काही चॅनेल हवामानाच्या रडारच्या शेजारचे आहेत. तिथे राउटरने आधी कान देऊन ऐकायचं आणि रडारची चाहूल लागली की चॅनेल सोडून निघून जायचं, असा नियम आहे. सोलापुरात २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने ढगांवर बीजारोपणाचे प्रयोग केले होते, त्यासाठी रडार आणलं होतं. मला फार आनंद झाला. आपलं नेट पावसाच्या शास्त्रापायी जातंय, याहून मानाचं कारण कुठलं? पण पाच गिगाहर्ट्झ मागच्या खोलीपर्यंत पोचतच नव्हतं. माझा लॅपटॉप सदा २.४ वर. रडारचा आणि त्याचा काही संबंध नव्हता.

वहीत तोवर तीन आठवडे भरले होते. आई एकदा म्हणाली, "काय लिहायलीस गं एवढं? हिशेब?"

आईचाही एक हिशेब आहे. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं, आणि कधी पहाटे तीनला येतं. उजनीपासून शंभराहून जास्त किलोमीटर नळातून आलेलं ते पाणी. चावीवाल्याने चावी सोडली की ओळीतल्या सगळ्या घरांत दिवे लागतात. मोटारी चालू होतात, हौद भरतो, मग गच्चीवरची टाकी, मग पिंप, घागरी, कळश्या. आई कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात पेनाने एक ठिपका देते. पुण्याला ती राहिली नाही त्यामागेही हेच असावं. तिथे नळ कधीही सोडला तरी पाणी यायचं, आणि तिला दिवसभर काय करावं ते कळायचं नाही.

त्या रात्री पुढचं पाणी कधी येईल याचा ती अंदाज घेत होती. चष्मा सापडत नव्हता. "मागचं कधी आलं बघ गं." मी कालनिर्णय बघायच्या आधीच म्हणाले, "तेरा तारीख असंल. तेराला माझं नेट अकरा वेळा गेलं." म्हणाले ते चेष्टेत. मग उठून बघितलं. ठिपका तेरालाच होता. आधीचा ठिपका नऊला. वहीत नऊला आठ वेळा, दहाला सहा वेळा, बाराला एकदाही नाही. त्याआधीचे ठिपके चार, ३१, २७. मी स्वयंपाकघरात उभी राहून एकेक तारीख मोठ्याने वाचत होते आणि आई "मग? मग?" करत होती.

पहिला विचार मोटारीचा आला. मोटार चालू झाली की दिवे मंद होतात, राउटरलाही वीज कमी पडत असेल. पण मोटार चालते पाऊणएक तास, आणि नेट दुसऱ्या दिवशीही जात होतं. मग मान वर केली. राउटर समोरच्या खोलीत शोकेसच्या अगदी वर, छताशी. तो उंच ठेवावा म्हणजे सगळ्या घरात पोचतं असं वाचून मीच तो तिथे चढवला होता. माझं टेबल मागच्या खोलीत. दोन्हींच्या मधोमध बाथरूमवरचा माळा, आणि माळ्यावर पाचशे लिटरची काळी टाकी.

ही टाकी बाबांनी बसवली. २०१६ च्या उन्हाळ्यात, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात होतं त्या दिवसांत. टीव्हीवर ती गाडी बघून ते उठले आणि दुसऱ्या दिवशी टाकी घेऊन आले. गच्चीवरचं संपलं तर घरात हे राहील. रोजचं धुणं-भांडी आता याच टाकीतून होतात.

रिकामं प्लॅस्टिक वायफायला जवळपास दिसतच नाही, लहरी आरपार जातात. पाण्याचं तसं नाही. पाण्याच्या रेणूचं एक टोक किंचित धन, दुसरं किंचित ऋण. वायफायची लहर सेकंदाला सुमारे २४० कोटी वेळा दिशा बदलते, तिच्याबरोबर वळताना रेणू मागे पडतात आणि लहरीची शक्ती उष्णता होऊन जिरते. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर अन्न गरम करतो ते असंच, फक्त त्याची शक्ती वायफायच्या हजारो पट असते. दोन-एक सेंटिमीटर पाण्यात लहरीची बरीचशी शक्ती संपते. आमच्या टाकीत पाणी हातभर होतं. जे काही माझ्यापर्यंत पोचत होतं ते टाकीला वळसा घालून, भिंतींवर आपटत येत होतं.

खात्री करायला टाकी रिकामी करून बघायला हवी होती. सोलापुरात पाचशे लिटर पाणी प्रयोगासाठी सोडून द्यायचं कुणी बोलूनही दाखवणार नाही. त्यामुळे प्रयोगाला पाच दिवस लागले. पाणी आलं त्या सकाळी टेबलावर सिग्नल उणे ८२ डेसिबल होता. दुसऱ्या दिवशी उणे ७९. मग ७४, ७०. पाचव्या दिवशी टाकीच्या तळाला वीतभर पाणी उरलं तेव्हा उणे ६६. दर दहा डेसिबलला शक्ती दहापट बदलते. सोळा डेसिबल म्हणजे चाळीसपट. फोनचं कोडंही सुटलं. वायफाय क्षीण झालं की तो गुपचूप मोबाइल डेटावर जात होता, आणि मी त्याला निर्दोष समजून लॅपटॉपला शिक्षा करत होते.

मी हे सगळं आईला चहा पिताना समजावलं, रेणू वगैरे. ती ऐकत राहिली. "म्हणजे माझ्या पाण्यानं तुझं नेट जातंय," ती म्हणाली. मी हसले.

पुढचं पाणी आलं आणि त्या दिवशी नेट गेलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, आता हा तिसराच काही प्रकार. मग दुपारी पाणी प्यायला उठले तर आई अंगणातल्या पिंपातून बादली भरून बाथरूमकडे नेत होती. दोन बादल्या आत ठेवलेल्या होत्या. माळ्यावर चढून बघितलं, टाकी पावभर भरलेली.

"मोटार लवकर बंद केली मी," ती म्हणाली. "चालतंय की. तुझी नोकरी महत्त्वाची का टाकी?" तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं की नाही यावर आम्ही दोन वर्षं बोलत आहोत.

मला स्वतःचाच राग आला. तीन आठवडे मी वायफायच्या सगळ्या शक्यता वहीत मांडल्या, आणि आई काय करेल एवढी एकच शक्यता मांडली नव्हती. कारण सांगून टाकलं की आपलं काम झालं असं मला वाटलं. ती मात्र कारण ऐकून लगेच कामाला लागली होती.

त्याच संध्याकाळी आसरा चौकाकडे जाऊन वीस मीटर लॅनची केबल आणि क्लिपा आणल्या. राउटर शोकेसवरून खाली, टीव्हीच्या टेबलावर आला. केबल उंबऱ्याच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून, माळ्याखालून मागच्या खोलीत. आईने विजेरी धरली, मी खिळे ठोकले. एक क्लिप वाकडी बसली, ती तशीच आहे. बाजूने तार लागली की लॅपटॉपला टाकी भरलेली की रिकामी याच्याशी देणंघेणं उरत नाही. हे पहिल्या दिवशीही करता आलं असतं. पण तेव्हा लॅपटॉपचंच काही बिघडलंय याची मला खात्री होती.

महिनाअखेरीला मॅनेजरनी विचारलं, शेवटी कारण काय निघालं? मी म्हणाले, दोन होती. एक सेटिंग, आणि घरात भरून ठेवलेलं पाणी. ते मुंबईचे. त्यांना वाटलं छत गळत असेल. मी पाण्याच्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली. पाच दिवसांनी येतं म्हटल्यावर ते म्हणाले, "पाच तासांनी ना?" मग जरा वेळ कुणीच बोललं नाही, आणि मला क्षणभर वाटलं की नेट गेलं.

परवा पहाटे पाणी आलं. आईने मला उठवलं नाही, मीच उठले. तिने माळ्यावरची टाकी काठोकाठ भरू दिली, वरून पाणी ओघळायला लागलं तेव्हा कुठे मोटार बंद केली. मग कालनिर्णयवर ठिपका दिला. मी अजून वही ठेवते. त्या तारखेपुढे मी काहीच लिहिलं नाही.