धामच्या काठची खापरं

सुट्टीत नातवंडं आली की त्यांना न्यायचं कुठं, हा आम्हा सिंदी मेघेकरांपुढचा नेहमीचा प्रश्न. सेवाग्राम झालं की पवनार. वर्ध्याहून नागपूर रस्त्यानं आठेक किलोमीटर. पोळीभाजीचा डबा घेतला की सकाळ छान जाते. धाम नदी, गांधीजींची छत्री, विनोबांचा आश्रम. बहुतेकजण तिथूनच परत फिरतात. या खेपेला आम्ही मात्र गावाच्या बाजूनं, काठाकाठानं पुढे गेलो.

पावसानं दरड कापली गेली होती. त्या कापात खापरांचे तुकडे, लाद्यांच्या फरशीत कपच्या बसवाव्यात तसे! कपडे धूत असलेल्या बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "पानी पडलं का खापराच खापरा निंघते, बाई."

एक तुकडा आतून काळा, बाहेरून लाल. मडकं पालथं घालून भाजलं की आत हवा पोचत नाही, म्हणून ते आतून काळं राहतं. अशी भांडी विदर्भात इसवी सनापूर्वीची. 1967 साली नागपूर विद्यापीठाच्या डॉ. शां. भा. देव आणि डॉ. म. के. ढवळीकर यांनी इथं उत्खनन केलं, तेव्हाही ती निघाली होती.

डॉ. वा. वि. मिराशींच्या मते पवनार म्हणजेच वाकाटकांची राजधानी प्रवरपूर. आश्रमाच्या आवारात खणताना विनोबांना राम-भरत भेटीचं शिल्प सापडलं, तेही त्यांच्या पुराव्यात आहे. प्रवरपूर वसवणाऱ्या दुसऱ्या प्रवरसेनाची आई प्रभावतीगुप्ता. पती गेल्यावर मुलं लहान म्हणून तिनंच राज्य सांभाळलं. पुण्याच्या ताम्रपटात तर तिनं आधी माहेरची वंशावळ दिली आहे, मला फार आवडतं ते! पुढे मनसरला प्रवरेश्वराच्या नावाच्या मुद्रा सापडल्या आणि काही अभ्यासक प्रवरपूर तिथं नेऊ लागले. वाद मिटलेला नाही.

मिटायचा तर पुरावा लागेल, आणि तो या पांढरीच्या थरांत आहे. द्वारका समुद्रानं गिळली, हे आपण पोथीत ऐकतो. पण नदीही काठ खातेच की, फक्त हळूहळू. खापर थरात असेल तोवर वरच्या-खालच्या वस्तूंवरून त्याचा काळ ठरतो. पाण्यात पडलं की संपलं, मग ते नुसतं खापर. लोणच्याच्या बरणीवरची चिठ्ठी गेली की साल कोणतं, हे आपल्यालाही सांगता येत नाही, तसंच.

नातीनं वाळूतला एक तुकडा फ्रॉकच्या खिशात टाकला होता. तो काढून ठेवायला लावला. दरडीतून अर्धा बाहेर आलेला एक काठ, अगदी आमच्या घरच्या माठासारखा, तिला ओढायचा होता. तेवढा मात्र मी ओढू दिला नाही. पुढच्या पावसापर्यंत तरी तो तिथं राहील.