भाऊकाकांच्या कॉलेजातले लोक

भाचीला मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात प्रवेश मिळाला आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस नुसता पेढ्यांचा पाऊस पडला. (खरे पेढे अजून कोणालाच मिळालेले नाहीत, ते सोडा.) तिसऱ्या दिवशी एका उत्साही आतेभावाने त्या कॉलेजच्या नामवंत माजी विद्यार्थ्यांची यादी टाकली. टिळक. स्वतंत्र भारताचे पहिले सरन्यायाधीश कनिया. नानी पालखीवाला. फली नरिमन. सोली सोराबजी. सरन्यायाधीश भगवती. लालकृष्ण अडवाणी. प्रतिभाताई पाटील. खाली त्याने लिहिलं होतं, "पुढचं नाव आपल्या पोरीचं!" त्यावर सगळ्यांनी अंगठे दाखवले.

मला मात्र यादी वाचताना आमचे भाऊकाका आठवले. तेही त्याच कॉलेजचे. मुंबईत नोकरी करता करता लॉ केलं, १९५८ साली पास झाले, सनद घेतली आणि साताऱ्याला परत आले ते कायमचे. प्रॅक्टिस बेताची. बांधाचे वाद, वाटण्या, पोटगी, अधूनमधून फौजदारी. कॉलेजच्या यादीत त्यांचं नाव कधी आलं नाही आणि यायचं काही कारणही नव्हतं. पण यादीतल्या लोकांवर त्यांचा बारीक डोळा असायचा. घरातला थोरला माणूस धाकट्या भावंडांचे मार्क विचारतो ना, तसा. "आपल्या कॉलेजचा" म्हणून ते ज्या सुरात एखाद्याचं नाव घ्यायचे, त्यावरून कळायचं की सध्या त्या माणसाचं काकांच्या दरबारात काय चाललंय.

हे कॉलेज १८५५ चं. चर्चगेटला, समुद्राच्या अगदी जवळ. टिळक १८७९ साली एल्‌एल.बी. झाले आणि त्यांनी वकिली न करता पुढच्याच वर्षी पुण्यात शाळा काढली, हे आपल्याला शाळेतच पाठ झालेलं असतं. ती पदवी त्यांच्या खरी कामी आली ती १९०८ च्या खटल्यात, स्वतःच्याच बचावासाठी. ते ज्युरीपुढे दिवसचे दिवस बोलले, तरी सहा वर्षं मंडाले झालंच. पुढे १९५६ साली त्याच हायकोर्टातल्या त्याच दालनात त्यांच्या स्मृतीची पाटी लागली. तिचं अनावरण केलं मुख्य न्यायमूर्ती चगलांनी. हे चगलाही एकेकाळी ह्याच कॉलेजात घटनेचा कायदा शिकवायचे. आणि तेव्हा त्यांच्याबरोबर शिकवायला होते डॉ. आंबेडकर, जे १९३५ मध्ये कॉलेजचे प्राचार्य झाले. बाबासाहेब माजी विद्यार्थ्यांच्या यादीत बसत नाहीत, म्हणून आतेभावाने त्यांना वगळलं असावं. मी असते तर यादी तिथूनच सुरू केली असती.

कारण मला जे सांगायचंय ते त्यांच्यापासूनच सुरू होतं. ९ डिसेंबर १९४८ ला घटना समितीत बोलताना त्यांनी, आज जे कलम ३२ आहे ते, म्हणजे हक्कांसाठी थेट सुप्रीम कोर्टात जाता येणं, हा सगळ्या घटनेचा आत्मा आहे अशा अर्थाचं सांगितलं होतं. ह्यातच हेबियस कॉर्पस येतं. म्हणजे, माझ्या माणसाला कशासाठी धरलंय ते कोर्टापुढे येऊन सांगा. बस्स, एवढंच. साधं आहे. पण २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लागली, २७ तारखेला राष्ट्रपतींचा आदेश निघाला आणि त्या साध्या गोष्टीसाठी कोर्टाचं दार वाजवता येतं की नाही, असाच प्रश्न पडला.

आता गंमत बघा. (गंमत हा शब्द बरोबर नाही, पण दुसरा सुचत नाही.) आतेभावाच्या यादीतले निम्मे लोक त्या आठवड्यात कुठे ना कुठे उभे होते.

पालखीवाला इंदिराबाईंचेच वकील होते! अलाहाबादच्या निकालाविरुद्ध त्यांनी २३ जूनला सुप्रीम कोर्टात न्या. कृष्ण अय्यर यांच्यापुढे बाईंची बाजू मांडली आणि दुसऱ्या दिवशी सशर्त स्थगिती मिळवली. लगेच आणीबाणी लागली आणि पालखीवालांनी वकीलपत्र परत केलं. देशाच्या पंतप्रधानांचं. फली नरिमन तेव्हा केंद्र सरकारचे अ‍ॅडिशनल सॉलिसिटर जनरल होते. त्यांनी दोन दिवसांत राजीनामा दिला. सेन्सॉरशिपच्या त्या दिवसांत त्याची फारशी बातमीही झाली नाही. अडवाणी २६ जूनच्या सकाळी बंगलोरला पकडले गेले. त्यांच्याबरोबर वाजपेयी होते, आणि आपले मधु दंडवतेही. मंडळी कर्नाटक हायकोर्टात गेली, तशी देशभरात शेकडो माणसं आपापल्या हायकोर्टात गेली, आणि नऊ हायकोर्टांनी सांगितलं की हो, निदान अर्ज ऐकून तरी घेता येईल.

सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं. तो खटला जबलपूरच्या नावाने ओळखला जातो. पाच न्यायाधीश होते. रे, खन्ना, बेग, यशवंतराव चंद्रचूड आणि प्रफुल्लचंद्र भगवती. चंद्रचूड पुण्याच्या लॉ कॉलेजचे आणि भगवती "आपल्या कॉलेजचे".

भाऊकाका त्या दिवसांत फार आशेवर होते. साताऱ्यासारख्या ठिकाणी हेबियस कॉर्पसचं काम येत नाही, ते हायकोर्टातलं. पण मिसाखाली धरलेल्या माणसांच्या बायका जाणार कुठे? त्या जवळच्या वकिलाकडे यायच्या. काका कागद तयार करायचे, तारखा लावायचे, आणि मुंबईच्या एका सीनियरकडे पाठवून द्यायचे. पैसे घेत नसत, असं काकू सांगायच्या, आणि ते कौतुकाने सांगायच्या असं मला अजिबात वाटत नाही :) घरात दोन मुलं होती आणि प्रॅक्टिस कशी होती ते वर लिहिलंच आहे.

मी दहा वर्षांची होते, सुट्टीला साताऱ्याला गेले होते. निकाल २८ एप्रिल १९७६ चा, म्हणजे पेपरात आला असेल तो २९ ला. मला निकाल-बिकाल काही कळत नव्हतं. एवढं आठवतं की पुढच्या खोलीत कऱ्हाडकडची एक बाई बसली होती, तिच्या मांडीवर पिशवी होती, आणि काका तिच्याशी बोलत नव्हते. बराच वेळ. मग म्हणाले, "वहिनी, अर्ज आता राहू द्या. तुम्ही भेटीची परवानगी मागा. ते होईल." ती म्हणाली, "पण तुम्ही तर म्हणाला होता, कोर्ट विचारतंच." काका म्हणाले, "म्हणालो होतो."

बाई गेली. तिच्यासाठी कोकम सरबत आणलं होतं, ते तसंच राहिलं आणि नंतर मी प्यायले. मुलांचं असंच असतं.

चार विरुद्ध एक. खन्ना एकटे विरुद्ध गेले, आणि पुढच्या जानेवारीत त्यांची पाळी डावलून बेग सरन्यायाधीश झाले, तेव्हा राजीनामा देऊन घरी गेले. बेगसाहेबांनी निकालपत्रात लिहिलं होतं की स्थानबद्धांची सरकार जवळजवळ आईच्या मायेने काळजी घेतंय. हे वाक्य काकांनी बार रूममध्ये मोठ्याने वाचून दाखवलं, आणि कोणीच हसलं नाही, असं ते सांगायचे. पण बेगांवर, रेंवर त्यांचा राग नव्हता. परक्यावर माणूस किती रागावणार? त्यांना लागलं होतं ते भगवतींचं. भगवती १९४२ च्या चळवळीत भूमिगत झालेले, मग ह्याच कॉलेजातून वकील झालेले. त्यांनी निकालात आधी लिहिलं की माझा कल नेहमीच व्यक्तिस्वातंत्र्याकडे राहिलाय, आणि मग मत दिलं उलट बाजूला.

इथे गोष्ट संपली असती तर सोपं होतं. चांगले एका रांगेत, वाईट दुसऱ्या.

पण आणीबाणी उठली आणि हेच भगवती असे काही निकाल द्यायला लागले की काकांची पंचाईत झाली. १९७८ मध्ये मनेका गांधींचा पासपोर्टचा खटला. त्यात त्यांनी कलम २१ चा अर्थ इतका रुंद केला की आजही वकील त्याच रस्त्याने चालतात. १९७९ मध्ये हुसैनारा खातून. बिहारच्या तुरुंगांत कच्चे कैदी वर्षानुवर्षं पडून होते. गुन्हा शाबित झाला असता तरी जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून जास्त काळ काही जण खटल्याची वाट बघत आत होते. भगवतींनी सांगितलं की जामीन द्यायला ऐपत नाही म्हणून गरिबाला सडवता येणार नाही, जातमुचलक्यावर सोडा. खटला लवकर चालणं हा हक्क आहे, वकील मिळणं हाही हक्क आहे. मग जनहित याचिका आल्या, एखाद्या पत्रालाच याचिका मानायची प्रथा आली, वेठबिगारांचा खटला आला. आणि मधेच, १९८० मध्ये इंदिराबाई परत निवडून आल्यावर, भगवतींनी त्यांना लिहिलेलं ते भारावलेलं अभिनंदनाचं पत्र! सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशाने पंतप्रधानांना. काकांनी कपाळावर हात मारला होता.

ऐंशीच्या दशकात काकांकडे एक फौजदारी काम आलं. चोरीच्या आरोपातला एक मुलगा, जामिनाला उभं राहायला कोणी नाही, दोन वर्षं आत. काकांनी हुसैनारा वाचून दाखवला आणि मुलगा जातमुचलक्यावर सुटला. मी तेव्हा कॉलेजात होते, थोडा आगाऊपणा अंगात होता. म्हटलं, "काका, भगवतींचाच निकाल वापरलात की तुम्ही!" ते म्हणाले, "मग? पोराला आत ठेवू का, माझ्या रागापायी?"

थोड्या वेळाने म्हणाले, "निकाल चांगला आहे. तोच तर त्रास आहे. येत होतं त्यांना."

मला वाटतं यादीतल्या बाकीच्यांनाही काकांनी असंच सुटं सुटं तोललं. पालखीवाला त्यांचे लाडके. लहानपणी तोतरं बोलणारा मुलगा, प्राध्यापकी मिळाली नाही म्हणून कायद्याकडे वळलेला, त्याने केशवानंद भारतीच्या खटल्यात ६८ दिवस चाललेल्या सुनावणीत तेरा न्यायाधीशांपुढे घटनेची मूळ चौकट वाचवली, तीही सात विरुद्ध सहा अशी! आणीबाणी चालू असताना, नोव्हेंबर १९७५ मध्ये, तो निकाल फिरवायला पुन्हा तेरा जण बसले, तर पालखीवाला असे बोलले की दोन दिवसांत ते पीठच गुंडाळावं लागलं. पण तेच पालखीवाला बँकांच्या राष्ट्रीयीकरणाविरुद्ध आणि संस्थानिकांच्या तनख्यांसाठीही लढलेले. तनख्यांचं काकांना पटलं नव्हतं, आणि ते तसं सांगायचे.

नरिमनांचं तर अजून कठीण. रंगूनला जन्मलेला मुलगा, जपानी आले तेव्हा आईवडिलांबरोबर जंगलातून भारतात आलेला, १९७५ मध्ये मोठं पद सोडून देणारा. त्यांनीच भोपाळनंतर युनियन कार्बाइडचं वकीलपत्र घेतलं. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. पुढे नरिमनांनी स्वतःच सांगितलं की पुन्हा वेळ आली तर ते काम घेणार नाही. काका म्हणायचे, वकिलाने कोणाचंही काम घ्यावं, डॉक्टर पेशंटची जात विचारत नाही. असं म्हणायचे आणि मग गप्प व्हायचे. नरिमन २०२४ च्या फेब्रुवारीत गेले तेव्हा सगळ्या पेपरांनी राजीनाम्याची आठवण काढली, भोपाळची थोडक्यात.

२०११ मध्ये भगवतींनी जाहीरपणे माफी मागितली. म्हणाले, जबलपूरचा निकाल चुकीचा होता, तो माझा दुबळेपणा होता. वय नव्वदीला टेकलेलं. काकाही ऐंशीच्या पुढे, डोळ्यांना दिसत नव्हतं, मीच फोनवर बातमी वाचून दाखवली. मला वाटलं, काहीतरी बोलतील. त्यांनी विचारलं, "कऱ्हाडच्या त्या बाईंचं काय झालं गं पुढे? तुला काही माहीत आहे?" मला कुठून माहीत असणार?

काका २०१३ मध्ये गेले. भगवती १५ जून २०१७ ला, आणि बरोबर सत्तर दिवसांनी, २४ ऑगस्टला, सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणाच्या हक्काचा निकाल देताना जबलपूरचा निकाल रद्दबातल ठरवला. तो भाग लिहिला धनंजय चंद्रचूडांनी, म्हणजे त्या चौघांतल्या एकाच्या मुलाने. संसदेने १९७८ मध्येच घटनादुरुस्ती करून कलम २१ ला आणीबाणीतही हात लावता येणार नाही अशी सोय केली होती, त्यामुळे व्यवहारात फरक काही पडला नाही. पण मला तेव्हा काकांची फार आठवण आली.

त्यांची पुस्तकं इथल्या एका तरुण वकिलाला दिली. देण्याआधी मी एआयआरचा १९७६ चा खंड काढून बघितला. जबलपूरचा निकाल १२०७ व्या पानावर सुरू होतो. खन्नांच्या निकालपत्राखाली पेन्सिलच्या रेघाच रेघा. भगवतींची पानं कोरी, जणू उघडलीच नाहीत. मग १९७९ चा खंड काढला. हुसैनाराच्या पानांचे कोपरे दुमडून दुमडून मऊ झालेले, लाल शाई, निळी शाई, समासात काकांच्या अशिलांच्या केस नंबरांची रांग. मी मोजले. अकरा होते.