पट आणि पगार

नारायण पेठ, पुणे 30
16 नोव्हेंबर 2025

चि. मनू,


बारावीनंतर प्राथमिक शिक्षिका व्हायचं ठरवलं तर नोकरी लागेल का, एवढंच तू विचारलंयस. लागेल, पण माझ्यासारखी लागणार नाही. मी डी.एड. झाले, महापालिकेच्या शाळेत रुजू झाले आणि पेन्शन घेऊन घरी आले. तुझ्या वाटेवर मात्र जागोजागी नाके आहेत.

तुझे बाबा म्हणतात, डी.एड.वाले गल्लोगल्ली पडलेत. खोटं नाही ते. आधी कॉलेजं वारेमाप निघाली आणि मग मे 2012 मध्ये सरकारनं भरतीच थांबवली. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून पहिल्या नेमणुका व्हायला 2019 उजाडलं. एका पिढीची ऐन उमेदीची वर्षं त्यात गेली. आमच्या वरच्या मजल्यावर कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलींत दोघी टेटवाल्या आहेत. एकीचा मुलगा गावी सासूजवळ. सकाळी मेसचा डबा, दिवसभर अभ्यासिका, मधूनच शिक्षण आयुक्तालयासमोर आंदोलन. टेट म्हणजे भरतीसाठीची अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी, दोन तासांत 200 प्रश्न: 120 अभियोग्यतेचे, 80 बुद्धिमत्तेचे. पहिल्या दिवशी रडणाऱ्या पोराला वर्गात कसं रमवायचं, हे त्यात कुठे तपासतात ते मला अजून कळलेलं नाही. असो. 2023च्या टेटला दोन लाखांवर उमेदवार बसले आणि पुढच्या वर्षी जाहिरात निघाली ती साडेएकवीस हजारांच्या आसपास जागांची. शिवाय टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, वेगळी पास हवी, आणि तिथे शेकडा पाचही पास होत नाहीत अशी वर्षं गेलीत.

आता दुसरी बाजू. ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्राथमिक वर्गांना बी.एड. चालणार नाही, तिथे डी.एड.ची पदविकाच हवी. म्हणजे तुझ्या रांगेतली बरीच गर्दी कमी झाली. यंदा 1 सप्टेंबरला त्याच न्यायालयाचा आणखी एक निकाल आला: निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या नोकरीतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं, नाहीतर घरी बसायचं. त्यामुळे येत्या 23 तारखेच्या परीक्षेला वीस-वीस वर्षं शिकवलेली माणसंही बसणार आहेत. माझ्याहून धाकट्या मैत्रिणी अप्पा बळवंत चौकात बालमानसशास्त्राची गाइडं घेताना भेटतात आणि ओशाळं हसतात. त्यांच्या जागा रिकाम्या होतील असा हिशेब काही जण मांडतात. तू मांडू नकोस.

हिशेब मांडायचाच तर पटाचा मांड. शिक्षकाची जागा पटावर ठरते, आणि मुलंच कमी जन्माला येतायत. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर 1.7 निघाला. त्यात इंग्रजी माध्यमाची ओढ. आमच्या पेठांतली बिऱ्हाडं कधीच कोथरूड-हडपसरकडे गेली. वाड्यांच्या जागी सोसायट्या आल्या आणि त्यांत लहान मुलांपेक्षा अभ्यासिकेत जाणारी मुलं जास्त. जिल्हा परिषदेच्या वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा तर हजारोंनी आहेत. त्या एकत्र करून समूह शाळा करायची चर्चा आहे, आपल्या पानशेतचं उदाहरण त्यात नेहमी देतात. सप्टेंबर 2024 मध्ये तर अशा शाळांवर पंधरा हजारांत कंत्राटी शिक्षक नेमायचा निर्णय निघाला होता. मला टीईटीपेक्षा या गोष्टीची धास्ती वाटते. परीक्षा अभ्यास करून पास होता येते. पद कंत्राटी झालं तर तू काय करशील? नीट लागलीस तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून महिना 16,000, आणि जुनी पेन्शन नाहीच. ती 1 नोव्हेंबर 2005 नंतरच्यांची गेली.

तरी मी नको म्हणत नाही. पालघर, नंदुरबार, गडचिरोलीकडे जायची तयारी असेल तर तुझ्यासाठी जागा आहे. पुण्यातच हवी असेल तर खासगी इंग्रजी शाळा आणि मिळेल तो पगार, हे धरून चाल. सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवणारे पदवीधर हवेच असतात, म्हणून विज्ञान सोडू नकोस. आणि नव्या शिक्षण धोरणात 2030पर्यंत चार वर्षांचं एकात्मिक बी.एड. हीच किमान पात्रता करायचं म्हटलंय. त्यात लहान मुलांच्या वर्गांचा पर्याय आहे. आपल्याकडे ते मोजक्याच संस्थांत मिळतं, प्रवेशपरीक्षा देशपातळीवरची असते. ती आधी दे. नाही जमलं तर पदविका आहेच, पण सरकारी किंवा अनुदानित विद्यालयातूनच कर आणि जोडीला पदवी ठेव.

बोर्डाची परीक्षा झाली की इकडे ये. वरच्या दोघींशी बोल. त्या तुला माझ्याहून खरं सांगतील. आणि आईला म्हणावं, अमुक संस्थेत एवढे लाख भरले की चिकटवून देतो असं कुणी सांगत आलं, तर आधी मला फोन करायचा.

तुझी,
मावशी