भुसावळ, उणे चाळीस

भुसावळच्या उन्हाळ्यावर मी इथे इतक्यांदा रडून झालोय की पुण्याची मावसभावंडं आता चिडवतात. तर मंडळी, या वेळी उलटी बातमी. मे महिन्यातली दुपार, बाहेर ४४ अंश, नशिराबादजवळ केळीच्या ट्रकला ओव्हरटेक करत होतो, आणि माझ्या गाडीच्या मते इंजिनाचं तापमान होतं उणे ४०!

गाडी म्हणजे आमची नऊ वर्षांची टर्बो डिझेल. ॲक्सिलरेटर जोरात दाबला की कधीतरी तापमानाचा काटा धाडकन तळाला जायचा, पिवळा दिवा लागायचा, बॉनेटखाली पंखा घोंघावायला लागायचा आणि गाडीतला दमच निघून जायचा. चार-पाच सेकंदांत पुन्हा सगळं जागेवर. पण अर्धा ट्रक मागे टाकलेला असताना समोरून एसटी येत असेल, तर ते पाच सेकंद फार मोठे असतात हो.

गॅरेजवाल्याने दोनदा सेन्सर बदलला. दोन्ही वेळा आठवडाभर सुख. गॅरेजात नेली की गाडी अगदी गुणी बाळ. कंटाळून विकायला काढली.

इथून पुढचं लिहायला जरा लाज वाटतेय.

सावद्याहून एक शिक्षक गाडी बघायला आले. सोबत बायको, दोन मुली. तापीच्या पुलापलीकडे जाऊन परत आले. गाडी लोण्यासारखी पळाली. "काही काम निघालंय का हिचं?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "सेन्सर नवा टाकलाय, सर." एक अक्षर खोटं नव्हतं! ११,००० रुपये टोकन देऊन गेले.

रात्री नाना ओट्यावर बसले होते.

"मास्तरले सांगलं का?"

"काय?"

"काटा पडतो ते."

"त्यांनी चालवून बघितली ना, नाना."

नाना बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "शेडात उभं असलं की इंजिन शहाणंच असतं, भो."

नाना इथल्याच इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये फिटर होते. ड्रायव्हरने लॉगबुकात तक्रार लिहायची आणि शेडमध्ये आणल्यावर इंजिनाने हूं की चूं करायचं नाही, हा प्रकार त्यांना नवा नव्हता. त्यांचं म्हणणं एकच. ड्रायव्हरला खोटं लिहून काय मिळणार? उष्णता, हादरा आणि लोड, तिन्ही एकत्र लाइनवरच भेटतात. मग लाइनवर जायचं.

झोप लागली नाही ते सोडा. दुसऱ्या दिवशी मोबाइलला जोडायचं ते ओबीडीचं ब्लूटूथ यंत्र मागवलं. कॉम्प्युटरात कोड साठलेला होता, पी-०११८. अर्थ समजून घेतल्यावर कपाळावर हात मारला. हा सेन्सर म्हणजे एक रेझिस्टन्स, तापला की कमी होणारा. २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. कॉम्प्युटर त्याला ५ व्होल्ट देतो आणि मधे किती उरले त्यावरून तापमान ओळखतो. वायर तुटली तर पूर्ण ५ व्होल्ट उरतात, आणि त्याच्या तक्त्यात त्याचा अर्थ 'भयंकर थंडी', उणे ४०. म्हणजे काटा तळाला गेला तेव्हा गाडी थंडीबिंडीचं काही सांगतच नव्हती. माझा धागा तुटला, एवढंच सांगत होती. आणि आम्ही नवेनवे सेन्सर लावत बसलो होतो.

रविवारी नानांना शेजारी बसवून निघालो. मोबाइल त्यांच्या हातात. त्यांनी हुकूम सोडायचे, "दाब... सोड... दाब." तिसऱ्या-चौथ्या दाबाला ८८ वरून थेट उणे ४०, आणि परत ८८. इतकं पाणी क्षणात थंड होणं शक्यच नाही. नानांचा चेहरा असा खुलला, की निवृत्तीनंतर पहिल्यांदाच.

"इंजिन पिळ खातं," ते म्हणाले. टर्बोचा जोर आला की इंजिन माउंटिंगवर एका बाजूला झुकतं आणि वायर ताणली जाते. गाडी निंबाच्या सावलीत उभी केली. इंजिन गरम, चालू. नानांनी पिशवीतून आईचं लाटणं काढलं! (आईला हे अजून माहीत नाही. आता कळेल.) हात घालायचा नाही, पंखा कधीही सुटेल, हे आधी मला दोनदा बजावलं. मग लाटण्याने वायरिंग इंचाइंचाने हलवत गेले. सेन्सरच्या प्लगपासून चार बोटांवर पोचले आणि पंखा सुटला.

दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर टेप सोडवली. टर्बोजवळून जाणाऱ्या त्या वायरवरची उष्णतारोधक नळीच गायब होती, कुणीतरी कधीतरी काढून परत घालायची विसरलेला. प्लास्टिक तळलेल्या कुरडईसारखं कडक झालेलं. वरून अखंड, आत तांबं तुटलेलं. दोन्ही टोकं टेकली की ठीक, ताणली की उणे ४०. तुकडा बदलला, झाळलं, नवी नळी घातली, वायरला जरा ढील ठेवून टर्बोपासून लांब बांधली. खर्च सांगितला तर गॅरेजवाल्याला वाईट वाटेल.

धुळ्यापर्यंत जाऊन आलो. वाटेत मुद्दाम दाबून पाहिली. एकदाही नाही.

मग सरांना फोन लावला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. ते दिवशी काय सांगितलं नव्हतं, तेही. पलीकडे शांतता. मग त्यांनी विचारलं, "आता बरी झाली कशावरून?"

मला उत्तर देता आलं नाही. जे कधीमधीच यायचं, ते आता येणारच नाही हे दाखवायचं कसं? टोकन परत घ्या म्हणालो. किंवा गाडी पंधरा दिवस वापरा, मोबाइलचं यंत्र सोबत ठेवा, मग पैसे द्या.

गाडी घेऊन गेले. आज नववा दिवस. नाना संध्याकाळी ओट्यावर बसले की एकदा विचारतात, "मास्तरचा फोन?"

अजून नाही.