नाव नको, चित्र चालेल



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे कॉम्प्युटरपुढे बसायला बंदी होती. ती आता उठली.

पिंपळे गुरवच्या आतल्या गल्ल्यांतून सकाळी फिरायला निघालं की वाचायला भरपूर मिळतं. ‘गेटसमोर गाडी लावू नये’, ‘लावल्यास हवा सोडण्यात येईल’, ‘नो पार्कींग’. (त्यातला ‘की’ दीर्घ. पस्तीस वर्षं वह्या तपासल्यामुळे हात शिवशिवतो, पण लाल पेन जवळ नसतं.) पाटीने भागत नसेल तर तुटकी प्लास्टिकची खुर्ची, सिमेंट भरलेला रंगाचा डबा, नाहीतर तुळस वाळून गेलेली कुंडी. रस्ता महापालिकेचा, पण कुंडी ज्याची त्याची जागा, असा आमच्याकडचा न लिहिलेला कायदा. तो सगळे पाळतात, हेही खरं.

या सगळ्या पाट्यांत एक चित्र मात्र गल्लीत कुठेच दिसलं नाही. चाकाच्या खुर्चीचं, निळ्यावर पांढरं. हे चित्र १९६८ साली सुसान कोफोड नावाच्या एका डॅनिश विद्यार्थिनीने काढलं. मूळ चित्रात नुसती खुर्चीच दिसायची, वरचं गोल डोकं नंतर बसवलं गेलं. मॉलमध्ये, विमानतळावर ते असतं. माणूस राहतो त्या दारापुढे नसतं.

हे सगळं माझ्या डोक्यात धाकटीमुळे आलं. नातेवाइकांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. माझी धाकटी बहीण माझ्याकडे राहते. तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला, तेव्हापासून डाव्या पायाला कॅलिपर आणि काखेत कुबडी. बँकेत नोकरी केली, निवृत्त झाली, आणि अजूनही साइड व्हील लावलेली स्कूटर स्वतः चालवते. देश २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्त जाहीर झाला, तेव्हा ती म्हणाली होती, “आता आम्ही शेवटची बॅच.” त्या बॅचला अजून रोज बाहेर जायचं असतं, हे मात्र लोक विसरतात.

साइड व्हीलच्या स्कूटरचं गणित साध्या स्कूटरसारखं नाही. एकतर तिचा पसारा मोठा. दुसरं म्हणजे ती तिरकी करून, ढकलून फटीतून काढता येत नाही. आणि बसणाऱ्याला शेजारी उभं राहून आधी कुबडी टेकवायची, मग पाय हाताने उचलून आत घ्यायचा, यासाठी हातभर जागा लागते. म्हणजे गाडी अडवली नाही, नुसती चिकटून दुसरी लावली, तरी धाकटीच्या दृष्टीने ती अडवलेलीच.

गेल्या पावसाळ्यात असंच झालं. खाली पार्किंगमध्ये कुणीतरी आपली कार तिच्या चाकाला टेकवून लावली. तिला डॉक्टरांची वेळ होती. वॉचमन जागेवर नव्हता, इंटरकॉम बंद. ती चाळीस मिनिटं जिन्याच्या पायरीवर बसून होती. मी घरी नव्हते. शेवटी गाडीवाला आला. मुलगा चांगला आहे, वाईट नाही. म्हणाला, “मावशी, एक हाक मारायची ना, दोन मिनिटांत काढली असती.” धाकटीने काही उत्तर दिलं नाही. रात्री मला म्हणाली, “दोन मिनिटांचं नाही गं ताई. प्रत्येक वेळी हाक मारावी लागते, त्याचं आहे.”

मग मी शिक्षकी बाण्याने नियम शोधायला बसले. तुम्हालाही उपयोगी पडतील म्हणून सांगते. आपला अपंगांचा पहिला कायदा १९९५ चा. त्यात सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले. सुगम्यतेच्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत राखीव पार्किंगचं मापसुद्धा दिलं आहे: रुंदी ३.६ मीटर, आणि दारापासून तीस मीटरच्या आत. साध्या कारला साधारण अडीच मीटर धरतात, वरची जागा चाकाची खुर्ची बाजूला लावून उतरण्यासाठी. पण केंद्राच्या २०१६ च्या आदर्श इमारत उपविधींत हे प्रकरण जनतेच्या वापराच्या इमारतींना लागू आहे, निवासी इमारतींना नाही. म्हणजे नाटकाला गेलात तर जागा राखीव असावी, घरी परत आलात की तुमचं तुम्ही बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसते सल्ल्याच्या स्वरूपाचे चालणार नाहीत, ठरावीक किमान गोष्टी बंधनकारक करा. ते आमच्या जिन्याखालच्या पार्किंगपर्यंत कधी झिरपेल कोण जाणे.

शब्दांचीही एक गंमत. मोटार वाहन कायद्यात या गाड्यांना १९८८ पासून जे इंग्रजी नाव होतं, त्याचा सरळ अर्थ ‘अशक्त माणसाची गाडी’. २०१९ च्या दुरुस्तीत ते बदलून ‘अनुकूल करून घेतलेलं वाहन’ अशा अर्थाचं केलं. धाकटीला हा बदल फार आवडला. ‘दिव्यांग’ हा शब्द मात्र तिला आवडत नाही. म्हणते, “दिव्य काही नाही त्यात, नुसता जड आहे पाय.”

माझी भाची इंग्लंडमध्ये, लेस्टरला असते. तिच्या सासूबाईंना तिथला निळा बिल्ला आहे. ही पद्धत तिकडे १९७१ पासून, आधी बिल्ला नारिंगी होता, २००० साली निळा झाला. तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो. सासूबाई गाडीत नसताना मुलाने तो लावून गाडी उभी केली तर गुन्हा. आणि मला सगळ्यात नवल वाटलं ते हे: अर्ज केल्यावर नगरपालिका घरासमोर रस्त्यावर राखीव चौकोन आखून देऊ शकते, पण तो तुमच्या मालकीचा होत नाही. दुसरा कुणी बिल्लेवाला तिथे खुशाल गाडी लावू शकतो. भाचीच्या घरासमोर असं होतं, आणि सासूबाईंना ते मुळीच पटत नाही. “आपण खटपट करायची आणि पलीकडच्या गल्लीतला येऊन बसायचा!” हा सूर ऐकून मला पिंपळे गुरवच आठवलं. तिकडे कुंडी ठेवता येत नाही, एवढाच फरक.

असो. सोसायटीच्या वार्षिक सभेत मी विषय मांडला की लिफ्टजवळची एक जागा राखीव करावी. चर्चा दीड तास चालली. (पाण्याच्या टाकीला वीस मिनिटं पुरली होती.) एक म्हणाले, जागा दिवसभर रिकामी राहील. दुसरे म्हणाले, जास्तीचं भाडं लावा. तिसऱ्यांना वाटलं की आज एकीला दिली, उद्या गुडघे दुखणारे सगळे रांगेत येतील. या तिसऱ्यांचं मला अगदीच चूक वाटलं नाही. गाड्या चाळीस आणि जागा सव्वीस असताना माणसाला भीती वाटणारच. पण गुडघ्यांची रांग लागणार असेल तर ती लागू द्या, त्यासाठीच दाखला आणि कार्ड असतं, असं माझं म्हणणं.

सचिवांनी तोडगा काढला: जागेवर धाकटीचं नाव लिहू, म्हणजे वाद मिटला. सगळे हो म्हणाले. धाकटी उठून उभी राहिली. तिला उठायला वेळ लागतो, तोवर सभा गप्प झाली. म्हणाली, “नाव नको. चित्र काढा. नाव लिहिलंत तर ती तुम्ही माझ्यावर केलेली मेहरबानी, आणि मी गेले की पुसाल. चित्र असेल तर दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनाही ती वापरता येईल.”

काकांना कंपवात आहे, पण चालताना पाहिलं तर चटकन लक्षात येत नाही. २०१६ च्या कायद्याच्या यादीत हा आजार आहे. ते स्वतः गाडी चालवत नाहीत, मुलगा आणतो-सोडतो. त्यांच्या मुलाला त्या दिवसापर्यंत कुणी विचारलंच नव्हतं.

ठराव चार मतांनी मंजूर झाला. ज्यांनी विरोधात हात वर केला त्यांतल्या दोघांशी माझं बोलणं अजून जेवढ्यास तेवढं आहे. काही अलिखित नियम आम्ही ठरवून घेतले. राखीव जागी कुणी धडधाकट दिसला तरी “तुम्हाला काय झालंय?” असं विचारायचं नाही, शंका असेल तर सचिवांना सांगायचं. पाच मिनिटांसाठी, किराणा उतरवायला म्हणूनसुद्धा तिथे गाडी लावायची नाही, कारण ती पाच मिनिटं नेमकी कुणाच्या वाट्याला येतील ते सांगता येत नाही. पाहुण्यांकडे कार्ड असेल तर त्यांनाही जागा खुली. पहिल्या आठवड्यात किराण्याचा नियम दोनदा मोडला, नंतर नाही.

रंगाऱ्याने चाकाची खुर्ची काढताना ती भिंतीकडे तोंड करून काढली. राहू दे म्हटलं.

आता प्रश्न उरला तो गेटबाहेरचा. दोन्ही बाजूंनी गाड्या लागतात तेव्हा धाकटीची स्कूटर वळत नाही, आणि काकांना गल्लीच्या टोकापर्यंत चालावं लागतं. अर्धा डबा पिवळा रंग शिल्लक आहे. मी म्हटलं, रात्रीतून एक चौकोन मारून टाकू. धाकटीने बजावलं की रस्त्यावर आखणी करायची ती महापालिकेशी विचारविनिमय करून सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यांनी, आपण मारला तर आपली कुंडीच झाली. तेव्हा सध्या अर्ज लिहिणं चालू आहे. तीन पानी झालाय, ती म्हणते एक पान कर.