भाव ठरलेलाच

किनवटात झड लागलीय; लाईट आहे तोवर खेळून घ्यावं. 'राजी' हा व्हिडिओ गेम संपवला. २०२० चा, पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा. पळवून नेलेल्या गोलूला शोधणारी सर्कशीतली बहीण, सावल्यांच्या बाहुल्यांतून उलगडणारी गोष्ट, राजस्थानी धाटणीचे महाल. डोळे निवले. मारामारी मात्र तीच ती, आणि शेवट अर्ध्यातच तोडल्यासारखा.

'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा गेम वेगळाच. एरिक बॅरोननं एकट्यानं बनवलेला, २०१६ चा. माल रात्री पेटीत टाकला की सकाळी पैसे हजर! ना अडत, ना मापात मारामारी. पाऊस पडला तर पाणी द्यायचं काम तेवढं वाचतं. (इथं सोयाबीन पिवळं पडायला लागलंय.) बाबा मागं उभे होते. "भाव कोण ठरवतं?" म्हणाले. ठरलेलाच असतो म्हटलं, तर खुर्ची ओढून बसलेच.